उकळलेलं विरजण

भांड्यांना वाचा होती आणि माणसांना ती ऐकू येत नव्हती, त्या काळात एका फडताळात दह्याची एक मडकी राहायची. घरात दूरदेशची सून आली आणि तिच्याबरोबर पावाच्या खमिराची बरणी आली.

बरणी म्हणाली, "ताई, माझं चमचाभर खमीर घ्या, पाव छान फुगतो. मला तुमचं विरजण द्याल? दही लावायला शिकायचंय."

मडकीनं शेजारच्या खलबत्त्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, "एवढं गोड बोलतेय, म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी. आज चमचा मागतेय, उद्या तुझी जागा मागेल."

"बघ ना, आत सारखे बुडबुडे येतात. काय शिजवतेय कोण जाणे!" मडकी म्हणाली. तिनं खमीर घेतलं नाही. नाही म्हणणं मात्र बरं दिसेना, म्हणून विरजण चुलीवर खळखळून उकळलं, निववलं आणि मग दिलं.

बरणीचं दही लागलंच नाही. "माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

पुढे एकदा कुणीतरी घाईत मडकीत कढत दूध ओतलं. तिचं सगळं विरजण मेलं. सकाळी घरात दही नाही! मडकी रडू लागली.

बरणी धावत आली. "रडू नका ताई! तुम्ही दिलेल्यातलं थोडं मी जपून ठेवलंय, अगदी जसंच्या तसं." तिनं ते मडकीतल्या कोमट दुधात घातलं आणि आशेनं विचारलं, "आता लागेल ना हो दही?"

मडकीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.