पाटीवरचे पाणी

बालाघाटाच्या डोंगराला टेकून धामणटेक नावाचे एक कोरडे गाव होते. घोंगडीमहाराजांचा उतारवयातला मुक्काम तिथेच असे. अंगावर एक काळी घोंगडी, हातात काठी आणि बसायला गावाबाहेरचे चिंचेचे झाड, एवढाच महाराजांचा संसार. गावकऱ्यांनी देवळाच्या ओवरीत त्यांची सोय केली होती. पण महाराज म्हणाले, "ज्यांना ओवरीत पाऊल टाकता येत नाही, त्यांनी मला भेटायचे कुठे?" आणि ते चिंचेखाली आले ते कायमचेच.

सज्जनहो, महाराजांच्या लीला आपण पुष्कळ ऐकतो आणि मन हलके करून घरी जातो. आजची कथा ऐकून मन हलके होईल, असे वचन मी देत नाही. मला स्वतःला ती सांगताना दरवेळी जड जाते. पण महाराजांनी केलेले सगळेच सांगायचे, तर हीही सांगितली पाहिजे.

गावाच्या खालच्या अंगाला मांगवाड्यात केराबाई नावाची विधवा राहत असे. घायपात ठेचायचे, त्याचा वाख काढायचा, दोर वळायचे आणि शेतकऱ्यांच्या दारी नेऊन द्यायचे, हे तिचे काम. पहाटे उठून चिंचेखालची जागा झाडावी, सडा घालावा, महाराजांना लांबून हात जोडावेत आणि कामाला लागावे, हा तिचा नेम. तिला दोन लेकरे होती. थोरला हैबती खाणीवर गेला आणि सुरुंगात सापडला. राहिली धाकटी ठकू.

गावात देवळाच्या मंडपात शाळा भरत असे. त्र्यंबकपंत नावाचे पंतोजी शिकवत. सरकारचा हुकूम आला होता की सर्व जातींची मुले घ्या, नाहीतर शाळेची मदत बंद होईल. म्हणून पंतोजींनी मांगवाड्यातली मुले घेतली खरी, पण मंडपाबाहेर उन्हात बसवली. पंतोजी स्वतःला दयाळू समजत. "मी घेतलं तरी! दुसरा कुणी असता तर त्याने दारातूनच हाकललं असतं," असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. दयेचे प्रदर्शन करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही.

या शाळेची एक रीत होती. बाहेरच्या मुलाने पाटीवर लिहायचे, पाटी पायरीखालच्या दगडावर ठेवायची आणि लांब जाऊन उभे राहायचे. मग पंतोजी तांब्याभर पाणी घेऊन येत आणि पाटी शुद्ध व्हावी म्हणून ते तिच्यावर ओतत. नंतर दोन बोटांनी ती उचलत, तिरपी धरत आणि तपासत. आता तुम्हीच सांगा, पाणी ओतलेल्या पाटीवर काय राहणार? पेन्सिलीचे ओघळ! पंतोजी ती पाटी आतल्या मुलांना दाखवून म्हणत, "बघा, कोरी. यांच्या डोक्यात शिरतच नाही, त्याला मी काय करू?" आतली मुले हसत. आणि हे वर्षानुवर्षे चालले होते! ज्या गावाला प्यायला पाणी पुरत नव्हते, त्या गावात पाट्या धुवायला मात्र ते पुरत होते.

ठकूने एकदा धीर करून सांगितले, "गुर्जी, म्या लिव्हलं व्हतं. पान्यानं गेलं."

पंतोजी म्हणाले, "पाण्याने जातं ते अक्षर कच्चं. ह्या आतल्यांच्या पाट्या बघ, कशा खणखणीत आहेत!"

आतल्यांच्या पाट्यांवर कुणी कधी पाणी ओतले नव्हते. पण हे बोलणार कोण? गावात शहाणी माणसे थोडी नव्हती. त्यांनाही ती रीतच वाटत होती.

अशात बातमी आली की शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार. पंतोजींनी केराबाईला बोलावून घेतले. ती मंडपापासून लांब, रस्त्यावर उभी राहिली.

पंतोजी म्हणाले, "साहेबांसमोर पोरीची पाटी कोरी निघाली की तिचं नाव कापणार. आणि तुमच्या वाड्यातलं दुसरं पोर पुन्हा घेणार नाही. तुझ्या हैबतीचं काय झालं, आठवतंय ना? तोही कोराच होता."

"येवढी पोर ऱ्हाऊ द्या, गुर्जी," केराबाई हात जोडून म्हणाली. "तिला खानीवर धाडायची न्हाई मला. एक गेलंय माजं."

"मग जा तुझ्या त्या घोंगडीवाल्याकडे!" पंतोजी हसून म्हणाले. "रोज त्याची जागा झाडतेस ना? त्यालाच सांग पाटी सांभाळायला."

मंडपात बसलेली मंडळीही हसली. केराबाई तशीच चिंचेखाली गेली आणि लांबच मातीत बसली.

ती म्हणाली, "म्हाराज, एक इचारू? देव तरी आमच्याकडं बिनपान्याचा बघतो का?"

ज्यांच्या एका शब्दासाठी लोक दहा गावांहून येत, त्या महाराजांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली आणि ते रडू लागले. त्या दिवशी त्यांनी अन्न घेतले नाही. कुणी नैवेद्य आणला, त्याला हात हलवून परत पाठवले. संध्याकाळी ते केराबाईच्या झोपडीपर्यंत आले आणि म्हणाले, "पोरीला उद्या पाटी घेऊन जाऊ दे. मीही येतो. पण बाई, मी फार उशिरा येतो आहे."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ केराबाईला तेव्हा कळला नाही.

साहेब सकाळी आले. मंडपात सतरंजी, वर लोड, शेजारी पाटील. आतल्या मुलांनी पाढे म्हटले, कविता म्हटल्या, साहेबांनी मान डोलावली. केराबाई लांब रस्त्यावर उभी होती. बाहेर उन्हात ठकू बसली होती आणि तिच्या शेजारी, त्याच उन्हात, महाराज बसले होते. पाटलांनी त्यांना सावलीत येण्याची विनंती केली. महाराज म्हणाले, "मी माझ्या वर्गात आहे."

साहेबांनी बाहेरच्या मुलीला एक ओळ लिहायला सांगितली. ठकूने ती लिहिली, पाटी दगडावर ठेवली आणि ती लांब जाऊन उभी राहिली. पंतोजी तांब्या घेऊन पायरी उतरले. जाता जाता महाराजांकडे पाहून म्हणाले, "सांभाळा हो आता!"

त्यांनी पाणी ओतले. पाटीवरून पाणी खळकन वाहून गेले आणि अक्षरे होती तशीच राहिली. पांढरी, ठसठशीत! पंतोजी वाकून बघू लागले. त्यांना वाटले, पाणी कमी पडले. त्यांनी घागर मागवली आणि सरळ घागरच पाटीवर उपडी केली. तेव्हा ती ओळ गेली, पण पाटी कोरी झाली नाही. त्या जागी दुसरी ओळ उमटली. ती ठकूने आदल्या दिवशी लिहिली होती. पुन्हा पाणी ओतले, तर त्याच्या आधीची ओळ वर आली. मग बेरजा, मग पाढे, मग बाराखडी. जे जे या पाटीवरचे पुसले गेले होते, ते ते पाण्यातून वर येऊ लागले. साहेब उठून पायरीवर आले. पंतोजींच्या तोंडचे पाणी पळाले होते, पण हात थांबेनात. ते वेड लागल्यासारखे ओतत होते. माणसे घागरी आणून देत होती आणि पाटी काही केल्या कोरी होत नव्हती.

आणि मग अक्षर बदलले. आता जे उमटले ते ठकूचे नव्हते. मोठे, दाबून लिहिलेले, थोडे उजवीकडे झुकलेले. साहेबांनी मोठ्याने वाचले. अवघड हिशोब होता आणि तो बरोबर होता. खाली नाव होते.

"काय लिव्हलंय?" केराबाईने रस्त्यावरून विचारले. तिला वाचता येत नव्हते.

ठकू पाटीकडे पाहत होती. तिच्या भावाचीच पाटी होती ती. तो गेल्यावर तिच्याकडे आली होती.

"आये," ती म्हणाली, "दादाचं नाव हाय."

केराबाई मटकन खाली बसली. "त्याला येत व्हतं?" ती म्हणाली. "माज्या हैबतीला समदं येत व्हतं? मंग म्या त्याला मारलं कशापायी? गुर्जी म्हनले कोरा हाय, म्या खरं मानलं! तो रडून सांगायचा, आये म्या लिव्हलं व्हतं. म्या म्हनलं, खोटं बोलतो मेल्या, जा खानीवर. म्या धाडला, म्या!" आणि ती मातीवर कपाळ आपटून घेऊ लागली. काय तो आक्रोश! मंडपात कुणाला मान वर करवेना.

पंतोजींच्या हातातली घागर गळून पडली. ते धावत येऊन महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, क्षमा करा! मी पाणी ओतत होतो, शुद्ध करत होतो, मला दिसलंच नाही! तुम्ही समर्थ आहात, आता तुम्हीच यातून सोडवा!"

महाराजांनी पाय मागे घेतले. त्यांचा चेहरा त्या वेळी इतका थकलेला होता की जवळचे भक्तही घाबरले. महाराज म्हणाले, "पाण्याने नेलेलं मला परत आणता आलं, त्र्यंबका. खाणीने नेलेलं आणता येत नाही. माझ्याजवळ काही मागू नकोस. ती तिथे बसली आहे."

पंतोजी उठले. मंडप ते रस्ता, अंतर ते किती! पण ते ओलांडून पंतोजी आजवर कधी गेले नव्हते. ते केराबाईपुढे गुडघ्यांवर बसले आणि साऱ्या गावादेखत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"बाई, तुमची पोर आजपासून आत बसेल. माझ्या शेजारी बसेल," ते म्हणाले. "आणखी काय करू, सांगा."

केराबाईने त्यांना उठवले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. रडणे आटल्यावर ती म्हणाली, "गुर्जी, आतल्या पोरांची नावं तुम्ही रोज पुकारता. माज्या पोराचं कदी पुकारलं न्हाई. आज पुकारा."

त्र्यंबकपंतांनी डोके वर न करता हाक मारली, "हैबती."

आतली मुले दाराशी येऊन उभी राहिली होती. त्यांनी मागे वळून पाहिले, पाटलांनी पाहिले, साहेबांनी टोपी काढली. महाराज डोळे मिटून बसले होते.

"परत," केराबाई म्हणाली.

"हैबती," पंतोजींनी पुन्हा हाक मारली. कुणी 'हजर' म्हटले नाही.