माफीचे वजन

"ऐका हो ऐका! सरकारी कोठारात ज्वारीची तूट आली आहे! उद्या सकाळी घरटी दोन पायली ज्वारी चावडीवर आणून भरावी!"

दवंडी ऐकून सगुणा भोईणीने कपाळावर हात मारला. तूट कशी आली, ते साऱ्या करंजगडाला ठाऊक होते. कोठाराचे प्रमुख नागोपंत यांनी ज्वारी परस्पर विकली, त्या पैशांतून माडी बांधली, पकडले गेले, दरबारात ढसाढसा रडले, आणि भूपाल राजाने त्यांना माफ केले. नागोपंत राहिले, माडी राहिली, ज्वारी तेवढी गेली. ती आता लोकांनी भरायची!

राजा वाईट नव्हता. निदान तसे म्हणायला जागा आहे. समोरचा रडू लागला की त्याचेही डोळे भरून येत आणि तोंडातून शब्द निघे, "जा, माफ केले!" मात्र दरबारात शिरून रडायचे तर अंगावर चांगला शेला लागे. त्यामुळे माफी मिळे ती शेलेवाल्यांनाच. नागोपंतांच्या आधी जकात गिळणारे त्रिंबकराव सुटले होते, आणि त्यांच्याही आधी घाटरस्त्याचे पैसे खाणारे रंगोबा. दर वेळी दवंडी मात्र गावात पिटली गेली.

सकाळी सगुणेने कणगी खरवडून ज्वारी काढली आणि चावडीवर नेऊन ओतली.

"झालं! आता पोरांना काय, महाराजांची माफी रांधून घालू?"

नेमकी तेव्हाच राजाची पालखी तिथून चालली होती. पुढच्या दांड्याला सगुणेचा नवरा हैबती होता. त्याने डोळ्यांनी खुणावले, मान हलवली, पण बोललेला शब्द कुठला परत येतो!

"थांबवा पालखी!" राजा गरजला. "काय म्हणालीस गं?"

"महाराजांची माफी गरिबाला जड जाते, असं म्हणाले."

"जड? अगं, माफी म्हणजे तोंडातले दोन शब्द! शब्दाला कुठे वजन असते?"

"असतं, महाराज."

"असतं? मग उद्या दरबारात माफीचे वजन करून दाखव! आणि शब्दांचे खेळ नकोत. ते वजन मला स्वतःला कळले पाहिजे. नाही कळले, तर तुझा नवरा पालखीवरून कमी आणि तुम्ही सगळे वेशीबाहेर!"

घरी हैबतीने डोक्याला हात लावला. "अगं, तोंड आहे की पडघम? वेशीबाहेर जाऊन काय खायचं?"

"वेशीच्या आत तरी काय खातोय?" सगुणा म्हणाली. "उद्या पालखी तेवढी नीट पुसून आणा."

दुसऱ्या दिवशी दरबाराचा चौक माणसांनी भरला. नागोपंत स्वतःच तराजू घेऊन हजर झाले. एका पारड्यात त्यांनी आपला माफीचा कागद ठेवला, दुसऱ्यात झेंडूचे फूल. फुलाचे पारडे खाली गेले.

"फुलाहून हलकी!" नागोपंत हसले. "बांध बाई गाठोडं!"

"हा काटा वाण्याचा, पंत. माफीचा काटा निराळा. पालखी आणा!"

पालखी आली. सगुणा हात जोडून म्हणाली, "महाराज, आमच्या मालकांच्या जागी आपण खांदा द्यावा."

दरबार हादरला. "राजाने पालखी उचलायची?"

"वजन स्वतःला कळायला हवं, असं महाराजच म्हणाले. ते खांद्याशिवाय कळायचं कसं?"

राजाला गंमत वाटली. त्याने शेला कमरेला बांधला आणि दांडा उचलला. "हात्तिच्या! ही तर कापसासारखी!"

"रिकामी आहे, महाराज. आता पहिली माफी बसवू या. रंगोबा, चढा!"

रंगोबा चढले. राजाचा खांदा खाली आला.

"दुसरी माफी! त्रिंबकराव, या."

राजाचा पाय लटपटला.

"तिसरी माफी! पंत, लाजू नका, तुमच्याचसाठी जागा ठेवलीय!"

नागोपंत आत कोंबले गेले. त्यांचा एक पाय बाहेर लोंबू लागला. पालखी करकरली.

"आता चालायचं, महाराज. चौकाला फेरी!"

राजा चालू लागला. घाम डोळ्यांत उतरला, पगडी कानावर आली. आतून त्रिंबकरावांचा आवाज आला, "अहो पुढचे! जरा हळू! पोटातलं हलतंय!"

"आणि खांदा सारखा धरा," रंगोबांनी भर घातली. "एका बाजूला कलतंय."

नागोपंतांनी तर पानाचा डबा उघडला.

"उतरा!" राजा ओरडला. "उतरा म्हणतो ना!"

"असं कसं, महाराज?" सगुणा म्हणाली. "त्यांना माफी झालीय. माफ झालेल्यानं बसायचं आणि बाकीच्यांनी चालायचं!"

"अगं, पण माझा खांदा मोडला!"

"आपला एक फेरीत मोडला, महाराज. गावाचा तर पहिल्या माफीपासून दांड्याखालीच आहे."

"आणि हे तिघे आत पान खातात? यांना काहीच कसे कळत नाही?"

"पालखीत बसलेल्याला पालखीचं वजन कधी कळलंय, महाराज?"

राजा थांबला. त्याने लोंबणाऱ्या पायाकडे पाहिले, आपल्या लाल खांद्याकडे पाहिले, आणि एकदम हसत सुटला. हसताना दांडा सुटला आणि तिन्ही माफ्या एकमेकींवर आदळत चौकात पडल्या!

"चावडीवरची ज्वारी ज्याची त्याला परत!" राजाने हुकूम दिला. "कोठाराची तूट नागोपंतांची माडी विकून भरा. आणि या तिघांनी जे जे खाल्ले, ते भरल्याखेरीज माफी नाही! सगुणा, तुला काय हवे ते माग!"

"माझी दोन पायली ज्वारी, महाराज."

"एवढेच?"

"ती पंतांनी डोक्यावर घेऊन आमच्या घरी पोचवावी. आमचं घर टेकडीवर आहे."

राजा पोट धरून हसला. त्याने हातातले सोन्याचे कडे काढून सगुणेला दिले. मग त्याने कोठारातून एक मोठे रिकामे पोते आणवले, सगुणेची दोन पायली त्यात ओतली, उरलेली जागा स्वतःच्या मुदपाकखान्यातल्या ज्वारीने भरली आणि पोते नागोपंतांच्या डोक्यावर ठेवले.

"चला, पंत! आणि जरा हळू हं, पोटातलं हलेल!"