न विझणारी चूल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा आगपेटी जन्मालाही आली नव्हती. डोंगरातल्या एका गावात विस्तव या घरातून त्या घरात जायचा, गोवरीच्या तुकड्यावर बसून. ज्याची चूल विझे, तो शेजारी मागे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

कमीपणा वाटे तो एकाच घराला. त्या घराची चूल म्हणे पिढ्यान्‌पिढ्या विझलीच नव्हती. सारं गाव तिथून निखारा नेई आणि त्या चुलीचं नाव काढी.

त्या घराची सून नुकती बाळंत झाली होती. बाळ दिवस भरायच्या आधीच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. सुईण बजावून गेली होती, "याला शेक हवा. शेगडी गार होऊ देऊ नकोस." त्यातच सासूला लेकीकडे जावं लागलं, मुलगा तिला पोचवायला गेला. निघताना सासू म्हणाली, "बाळाला सांभाळ. आणि विस्तवालाही. घराचं नाव आहे."

सून रात्रभर बाळाला घेऊन जागली आणि पहाटे तिचा डोळा लागला. विस्तव राखेत झाकायचा राहूनच गेला. उठून बघते तो बाहेर दाट धुकं, आणि चूल गार.

तिनं राख उकरली, फुंकली, पुन्हा उकरली. डोळ्यांत राख तेवढी गेली.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "काय गं सूनबाई, आज धूर नाही तुमच्या छपरातून?"

"बाळाला ठसका लागतो, काकू. विस्तव झाकून ठेवलाय."

"मग जरा निखारा दे की. माझी चूल गारठलीय."

खरं काय ते सुनेच्या ओठांवर आलं होतं. पण पाणवठ्यावरच्या बायका तिला आधीच ऐकू आल्या : 'इतक्या पिढ्यांचा विस्तव, आणि हिनं एका झोपेत घालवला!'

"बाळंतिणीच्या घरचा विस्तव बाहेर द्यायचा नाही म्हणून सांगून गेल्यात आत्याबाई."

"अगं बाई! विस्तवालाही सोयर पाळायला लावलं का तुझ्या सासूनं?" काकू हसत पुढच्या घरी गेल्या.

थोड्या वेळानं त्या परतल्या, त्या गोवरीवर लालभडक निखारा घेऊन. सुनेनं दाराच्या फटीतून तो पाहिला. अगदी हाकेच्या अंतरावरून गेला. तिनं दाराची फटही लावून घेतली.

आता नाव म्हणजे काय? ते शेगडीत घालता येत नाही, की बाळाभोवती गुंडाळता येत नाही. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं, वरून होतं नव्हतं ते पांघरूण घेतलं आणि नवऱ्याची वाट पाहत राहिली. 'येतीलच आता,' ती बाळाला सांगत होती. दुपार झाली. धुकं काही उठलं नाही.

दिवस कलला तेव्हा काकूंना तिचं रडणं ऐकू आलं. त्या धावत आल्या. त्यांनी बाळाला हात लावला, मग चुलीला. दोन्ही सारखीच गार.

"विझला होता, काकू," सून म्हणाली.

"मग मागायचास की गं, वेडे!" काकू म्हणाल्या. "तुझ्या सासूनं माझ्याच चुलीतला विस्तव नेलाय पदराआड. एकदा नाही, कितीदा तरी. तिचं नाव राहावं म्हणून मी कुणाला बोलले नाही. तुला तरी सांगायला हवं होतं मी."

नवरा रात्री पोचला, आणि निरोप गेल्यावर सासूही परतली. सुनेनं सासूला एकच विचारलं, "आत्याबाई, मला का नाही सांगितलंत?" त्या दिवसानंतर सासूनं चुलीचं नाव कधी काढलं नाही.

पुढे त्या गावात एक रीत पडली. ज्याची चूल विझेल त्यानं रिकामी खापरी उंबऱ्यावर ठेवायची. जाणारं-येणारं कुणीही न विचारता तिच्यात निखारा टाकी. सुनेच्या उंबऱ्यावर मात्र खापरी रोजच असे, आत चूल पेटलेली असली तरी; दुसऱ्या कुणाला ती ठेवायला लाज वाटू नये म्हणून.

नाव जपण्यासाठी जो गरज लपवतो, त्याचं नाव राहतं आणि माणूस जातं.