ताटाचा चंद्र आणि दगडाची होडी

एका राज्यात जसा राजा होता तसा दर्याही होता, आणि दोघांत दर्या थोरला होता. तिथली रीत अशी की, पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, म्हणून होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवायच्या. श्रावणाची पुनव आली की हरजी नाखव्यानं दर्याला नारळ द्यायचा, मगच पहिलं जाळं पडायचं. तो मान त्याच्या घराण्याचा.

एके साली युवराजाचं लग्न आषाढाच्या तोंडावर निघालं. व्याही म्हणाले, पंगतीला गाभोळीची, पोटात अंडी असलेली मासळी हवी. राजानं फर्मान काढलं की दर्या खुला. हरजीनं हात जोडून सांगितलं, पुनव नाही. राजाच्या पदरी एक मायावी होता. त्यानं चांदीचं ताट उचललं नि सांजेच्या आभाळात टांगलं. ताटाचा चंद्र झाला. भरती फसली, चढून आली.

हरजीला ठाऊक होतं, हे ताट आहे. पण राजापुढं जीभ उचलेना. त्यानं नारळ सोडला. लाटेनं तो परत त्याच्या पायाशी आणून ठेवला. त्यानं पुन्हा सोडला.

होड्या गेल्या, भरून आल्या. सर्वांत मागं हरजीच्या मुलाची, गोमाजीची होडी होती. ती बंदराच्या तोंडाशी आली तोच ढगांआडून खऱ्या चंद्राची कोर निघाली, आणि दर्याला आपण फसलो ते कळलं. होडी, गोमाजी, त्याचे गडी, सारं जागच्या जागी दगड झालं. दर्यातली मासळी नाहीशी झाली.

पंगत जेवून उठली. पुढं खरी पुनव आली नि गेली. जाळ्यात पाणी यायचं, पाणीच जायचं. साठवलेली सुकी मासळी संपली, माणसं घरं टाकून चालली. गोमाजीची बायको चांगुणा तेवढी दगडी होडीकडं तोंड करून बसून राही.

एक म्हातारी घार हरजीच्या अंगणात उतरली नि बोलली, "नाखवा, कामं तीन. राजाचा शब्द मागं आण. गावची जाळी गोळा करून बांधून ठेव. मग दगडी होडीपाशी ये."

हरजी दरबारी गेला. राजा म्हणाला, "राजाचा शब्द मागं फिरत नाही."

"महाराज, दर्या रोज मागं फिरतो. त्याला कुणी हलका म्हणत नाही."

राजानं आभाळातल्या ताटाकडं पाहिलं. मग त्यानं ताट उतरवलं. ते काळंठिक्कर पडलं होतं. फर्मानही त्यानं मागं घेतलं.

जाळी मागायला हरजी दारोदार हिंडला. शेजारीण पोसूबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ताटाला चंद्र म्हणालास तेव्हा कुठं गेली होती ही अक्कल?"  त्यानं आधी आपलं जाळं बांधलं. मग तिनंही तिचं आणून टाकलं. वर म्हणाली, "घे, आता हेच शिजव."

मग तो लहान होडी वल्हवत दगडी होडीपाशी गेला. होडीच्या पोटाला मासळीची अंडी चिकटली होती, द्राक्षांच्या घोसासारखी. साऱ्या दर्यात आणखी कुठं नव्हती. घार दगडी होडीच्या काठावर बसली होती.

"ह्या होडीवर वल्हं मारलंस तर पोरगा नि गडी उठतील, अंडी गळतील. नाही मारलंस तर मासळी वाढेल, ते दगडच राहतील."

"यात तिसरं काम कोणतं?"

"ते तू सांगायचंस."

हरजीनं वल्हं उचललं. मुलाच्या तोंडाकडं पाहिलं. ते हसतं राहिलं होतं; बंदर दिसल्यावर हसतो तसं. म्हाताऱ्याचे हात भरून आले, तेव्हा त्यानं वल्हं खाली ठेवलं. गोमाजीच्या खांद्यावरचं शेवाळ पुसलं नि माघारी वळला.

तत्क्षणी मासळीवरचा शाप उतरला. अंडी फुटली, दर्या रुपेरी झाला. राजानं नवा कायदा केला: दगडी होडी दिसते तितक्या पाण्यात जाळं कधीच पडणार नाही, आणि बाकीच्या दर्यात खऱ्या पुनवेआधी नाही. गेलेली माणसं परतली. दर्या सुखाचा झाला, राज्य सुखाचं झालं. नाखव्याच्या घरचं कुणी विचारू नये.

हरजी होडीपासून परतला त्या दिवशी चांगुणा किनाऱ्यावर उभी होती. तिनं विचारलं, "मामंजी, एकटेच आलात?"

"एकटाच, बाय."

 पुढल्या पुनवेनंतर तिनं मासळीची टोपली डोक्यावर घेतली. बाजारात बाया विचारतात, मासळी ताजी आहे का? ती म्हणते, ताजी आहे. दर्याकडं पाठ करून म्हणते.