आमेनची पट्टी

“आणि ते नाहीच मिळालं तर?”

शलमोन मास्तरांनी हे विचारलं, तेव्हा सुकुमारनं पाठीवरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. पुण्याचा बाजार, मुंबईचा बाजार पालथा घालून तो नुकताच मिरजेत उतरला होता.

“नाहीच मिळालं,” तो म्हणाला. “ते रबर बनायचं कधीच बंद झालंय. नाव काढलं की दुकानदार हसतात.”

मौलाचाचा दुकानात आपल्या जागी बसून होते. समोर मास्तरांचा जुना कीबोर्ड, पोट उघडून ठेवलेला. पेटी म्हणा, कीबोर्ड म्हणा, चाचांनी जन्मभर हेच दुरुस्त केलं. आता हात थरथरतो, म्हणून काम सुकुमार करतो. हात चांगला आहे त्याचा. ते त्यालाही माहीत आहे.

पट्टी दाबली की तिच्या खालचं रबर दबतं, मग सूर निघतो. मधल्या सप्तकाचं रबर झिजून गेलं होतं. सुकुमारनं त्याच्यावर पेन्सिलीचं शिसं घासून बघितलं. एक दिवस बोललं, पुन्हा मुकं.

“रविवारी वाजलं नाही,” मास्तर म्हणाले, “तर चर्चमध्ये पेनड्राइव्ह लावणार. कमिटीचं ठरलंय. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही आता पुढच्या बाकावर बसा, आरामात.”

ते हसले. हसूनसुद्धा दमले.

चाचांनी कीबोर्डच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं.

“इथलं रबर कोरं आहे. हे मधे घाल. मधलं इथं.”

“मग हे टोक मरेल, चाचा.”

“मरू दे.”

“अर्धं काम माझ्या हातून जाणार नाही. लोक काय म्हणतील? सुकुमारनं एक टोक मारून दिलं? तुम्हाला कंटाळा आला असेल, मला नाही आला.”

चाचांनी कीबोर्ड बाजूला सरकवला.

मग त्यांनी टेबलावरच्या तारा, पेचकस, सगळं बाजूला सारलं. फडक्यानं लाकूड पुसलं.

“मास्तर, इथं वाजवा.”

“इथं? लाकडावर?”

“रविवारचं गाणं. सगळं.”

मास्तरांनी लाकडावर हात ठेवले. बोटं चालू लागली. सूर नाही, नुसती नखांची टकटक. डोळे मात्र मिटले होते त्यांचे.

सुकुमार बघत राहिला. बोटं मधल्यामधेच फिरत होती. डाव्या टोकाकडं फिरकतही नव्हती.

अगदी शेवटी डावी करंगळी लांब गेली. टोकाला टेकली. थांबली.

“बघा!” सुकुमार उसळला. “लागतं ते टोक! मी काय म्हणत होतो?”

“काय आहे तिथं, मास्तर?” चाचांनी विचारलं.

“आमेन.”

“आणखी काही?”

“नाही. तेवढंच.”

“कसा वाजतो तो सूर?”

मास्तरांनी लाकडावरची करंगळी उचलली.

“खरं सांगू? मला कधी ऐकूच आला नाही. त्या वेळी सगळेच आमेन म्हणतात ना. अख्खं चर्च. एकमेकांशी न बोलणारेसुद्धा…”

चाचांनी पेचकस उचलला आणि सुकुमारपुढं धरला.

सुकुमारनं तो लगेच घेतला नाही. मग घेतला. खाली बसला. टोकाचं रबर सावकाश सोडवलं, फाटू न देता मधे बसवलं. झिजलेलं टोकाला घातलं.

ऊन उतरता उतरता मधलं सप्तक बोललं. टोक मुकं झालं.

मास्तरांनी गाणं वाजवलं. शेवटी करंगळी टोकाकडं गेली, पण टेकली नाही. त्यांनी ती मागं घेतली.

“आता ही सवय मोडायला हवी,” ते म्हणाले.

“मोडाच,” सुकुमार दमल्या आवाजात म्हणाला. “जी पट्टी बोलतच नाही, ती दाबून काय उपयोग?”

चाचांनी मास्तरांची करंगळी धरली आणि त्या पट्टीवर नेऊन ठेवली.

“दाबायची, मास्तर. जरा जोरातच दाबायची.”