गिरणीमागच्या रानातला तास

त्या दिवशी सोलापुरावर सकाळीच ऊन चढलं होतं. वारा नव्हता. आभाळ राख फासल्यासारखं फिकट, आणि कडुलिंबाची पिवळी पानं कुणी न हलवता आपली आपणच गळत होती.

"पण पोरांचं लक्ष का लागत नाही, बाबा? तेवढं सांगा."

वळसंगे सर पुन्हा तेच विचारत होते. मौलाबाबा झाडाखाली बसून पाचोळा गोळा करत होते.

हे बाबा बंद पडलेल्या गिरणीच्या मागं राहायचे. गिरणी थांबली, कामगार पांगले, भोंगा मुका झाला. मग त्या ओसाड आवारात कडुलिंब, बाभळ, चिंच असं जे जे आपसूक उगवलं ते वाढत गेलं, आणि शहराच्या ऐन मधोमध चांगलं रान उभं राहिलं. रानाच्या कडेला पिराचं ठाणं, तिथं बाबा. कुंपणाच्या अलीकडं सरांचं घर. म्हणजे गुरू म्हणा, फकीर म्हणा, आधी ते शेजारीच.

शहरातल्या पोरांना शहरातलंच रान दाखवायचं, हे सरांचं वेड. भांडून भांडून त्यांनी शाळेकडून शनिवारचा एक तास मिळवला होता. पण पोरं रानात येऊन जांभया द्यायची, आणि आईबाप कुरकुरायचे.

"आज मुख्याध्यापिका येणार आहेत. बिराजदार बाई. त्यांनी सांगून टाकलंय, पोरं आजही पेंगताना दिसली तर शनिवारचा तास शिष्यवृत्तीच्या गणिताला. रान बंद."

"हं."

"मी शिकवण्यात काही कमी करत नाही, बाबा. या रानातल्या एकेका झाडाचं कूळ-मूळ मला पाठ आहे."

"होय की. कुंपणाआडून ऐकतो ना मी."

"मग चुकतंय कुठं?"

बाबा हसले. "पोरांना बसवता कसं?"

"ओळीत. हाताची घडी, तोंडावर बोट. रानात शांतता पाहिजे का नको?"

"पाहिजे तर."

बाबांनी हातातला पाचोळा खाली टाकला. "मास्तर, आज बसवायचं काम तेवढं मला द्या."

"फक्त बसवायचं?"

"फक्त बसवायचं. पण मी सांगीन तसं. कबूल?"

सरांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, हौस असेल. "कबूल," म्हणाले.

पोरं आली. त्यांच्यामागून छत्री धरून बिराजदार बाई आल्या आणि एका दगडावर टेकल्या. छत्री काही मिटली नाही.

बाबा उठून उभे राहिले.

"हाताची घडी!"

सवयीनं सगळ्या पोरांनी हात बांधले.

"तुम्ही नव्हे रे. मास्तर, तुम्ही."

कुठंतरी फिस्सकन हसू फुटलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. पण सरांनी शब्द दिला होता. त्यांनी हाताची घडी घातली.

"तोंडावर बोट."

सरांनी बोट ठेवलं.

"तास संपेपर्यंत," बाबा म्हणाले, आणि झाडाला टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग काय विचारता!

"ए, सरांना शिक्षा झाली बे!"

चिंचांवर दगड सुटले. रेवण फांदीला लोंबकळला. धावाधाव, ढकलाढकली, आरडाओरड. बाईंनी घड्याळाकडं बघितलं. सरांच्या कपाळावरून घाम ओघळला. गेलं, त्यांना वाटलं, रान गेलं. एक हाक मारली असती तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. त्यांनी बाबांकडं बघितलं.

बाबा झोपले होते, किंवा तसं दिसत होते.

पण दंगा तरी किती वेळ टिकणार? ओरडणाऱ्याला अडवणारा लागतो. कुणी अडवलंच नाही, की ओरडणं आपोआप शिळं होतं.

सुफिया नावाची एक पोरगी सरांपुढं येऊन उभी राहिली.

"सर, तिकडं मातीत खड्डे कुणी केलेत?"

झाडाखालच्या पिठासारख्या मऊ मातीत नरसाळ्यासारखे चिमुकले खड्डे होते. सरांना माहीत होतं. उत्तर जिभेवर आलं. बोट ओठांवरून जरासं उचललं...

"अंहं," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

बोट परत जागेवर गेलं.

सुफियानं वाट बघितली. मग "बरं," म्हणाली आणि सरळ मातीत पालथी पडली.

खड्ड्याच्या काठाशी एक मुंगी आली. घसरली. वर चढू लागली. तोच खड्ड्याच्या तळातून कुणीतरी चिमूटभर माती उडवली, आणि मुंगी पुन्हा खाली.

"अय्या!"

रेवण आला. आणखी दोघं आले. मग डोक्याला डोकं लागलं. गप्प बसा असं कुणी म्हटलं नाही, तरी पोरं श्वाससुद्धा जपून घेत होती. जोरात फुंकर लागली तर काठ ढासळेल ना.

सरांनीही मान उंच केली. फळ्यावर हे चित्र त्यांनी कितीदा काढलं होतं. माती उडताना मात्र आज पहिल्यांदा बघत होते.

"काय चाललंय रे तिथं?" बाई दगडावरून उठल्या.

"गप की, बाई!" सुफिया वर न बघता म्हणाली.

सरांनी डोळे घट्ट मिटले. आता संपलंच.

बिराजदार बाईंना गप म्हणणारं शाळेत आजवर कुणी जन्मलं नव्हतं. त्या दोन पावलं पुढं आल्या. मग त्यांनी छत्री मिटली, निऱ्या आवरल्या आणि पोरांच्या घोळक्यात उकिडव्या बसल्या.

तास कधी संपला ते कुणाला कळलं नाही.

साडीची माती झटकत बाई म्हणाल्या, "वळसंगे, शिष्यवृत्तीचं गणित सोमवारी सकाळी घेऊ."

चार पावलं जाऊन त्या परत वळल्या. "आणि पुढच्या शनिवारी ते... जे काय आहे ते... असेल ना इथंच?"

सरांनी जोरजोरात मान हलवली. बोट अजून ओठांवरच होतं.

पोरं निघाली. सुफिया मागं रेंगाळली.

"सर, आता तरी सांगा. त्याचं नाव काय?"

बाबांनी डोळे उघडले आणि मान डोलावली. सरांनी बोट खाली घेतलं.

"मुंगीसिंह."

"मुंगीसिंह!" म्हणत ती पुढच्यांना सांगायला पळाली. इतक्या दिवसांत सरांकडून कुणी एखादं नाव मागून नेलं, ते हे पहिलं.

रान रिकामं झालं. सरांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"कळलं, बाबा! सगळं कळलं मला! आता पुढच्या शनिवारी पहिला अर्धा तास मी पोरांना न बोलण्याचं महत्त्व समजावून सांगतो. अगदी मुद्देसूद."

बाबांनी त्यांच्याकडं बघितलं.

"मास्तर, शेजारी म्हणून एक सांगू?"

"सांगा की."

"पुढच्या शनिवारी तुम्ही जरा उशिरा या."