भागूची पायरी

लंडनला आलेली मंडळी राजवाडा बघतात, घड्याळाचा मनोरा बघतात, फोटो काढून काढून दमतात. त्यातल्या ज्यांच्या पायांत अजून बळ उरलेलं असतं, त्यांना इथंच स्थायिक झालेल्या मालतीबाई खोत जुन्या गोदीमागच्या बोळातून थेम्सवर घेऊन जातात. तिथं दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. ओहोटीला अगदी खालची, शेवाळलेली पायरी उघडी पडते. तिला भागूची पायरी म्हणतात.

भागू दाभोळची. एका साहेबाच्या लेकरांना सांभाळत ती बोटीने इथवर आली. परत पाठवू, असा मडमेने शब्द दिला होता. पण मुलं सुखरूप घरी पोचली आणि भागूला दाराबाहेर काढण्यात आलं. मुलं खिडकीतून रडत होती म्हणे.

परत जायचं तर आपल्याकडचं कुणीतरी भेटायला हवं. भागू गावदेवीला नवस बोलली, गावचं माणूस ओ देईपर्यंत हाक मारणं सोडणार नाही. रोज ती खालच्या पायरीवर उभी राही आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना विचारी, "दाभोळचं कोन हाय काय?" उत्तर येत नसे. वर, पायऱ्यांच्या तोंडाशी वाम मासे विकायला बसणाऱ्या हॅनाला वाटे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. हॅनाचा नवरा याच नदीने नेलेला. तिचीही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पण दोघी एकमेकींशी बोलणार कशा?

अशी कित्येक वर्षं गेली. मग एकदा समुद्राकडे निघालेल्या जहाजावरून एक खलाशी ओरडला, "ओ! मी हाय दाभोळचा!"

भागू गुडघाभर पाण्यात धावली. जहाज काही थांबणार नव्हतं. "घरी काय सांगू गो?" खलाशाने विचारलं. इतकी वर्षं मनात साठलेलं सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "सांग, बरी हाय."

नवस फिटला, घर मात्र होतं तिथंच राहिलं. भागू पायरीवर यायची, पण हाक मारायची नाही. हॅनाला ते बघवेना. शेवटी एका संध्याकाळी, समोर एकही जहाज नसताना, भागूने न राहवून हाक दिली. वरून हॅना म्हणाली, "ओ!" खलाशाच्या तोंडून एकदाच ऐकलेलं तिने लक्षात ठेवलं होतं. भागू आधी चिडली, आपल्या भाषेत तिला चांगली शेलकी ऐकवली आणि मग तिच्याच शेजारी बसून पोटभर रडली. त्यानंतर भागूची हाक कधी रिकामी गेली नाही.

भागू वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी हॅना स्वतः खाली उतरली आणि मोडक्यातोडक्या उच्चारात दाभोळचं नाव घेऊन ओरडली. वरून जाणाऱ्या एका हमालाने ओझं खाली ठेवलं आणि ओ दिली. तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात.

आजही खाली उतरणाऱ्याने आपल्या गावाच्या नावाने हाक मारायची आणि वर जो कोणी असेल त्याने ओ द्यायची. पाहुण्यांना गंमत वाटते. वाईचे, वाशीमचे लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि मालतीबाई प्रत्येकाला ओ देतात. यजमान गेल्यापासून त्या इथं एकट्याच असतात. पाहुणे नसतात त्या दिवशीही त्या येतात, जपून खाली उतरतात, "चिपळूणचं कोणी आहे का?" असं विचारतात आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत थांबतात.